रक्ताचं पाणी

फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पाकिटाखाली
तिच्या कुप्या असतात.
एक काढून नीवेस मुठीत धरते
आणि वितळेपर्यंत गप्प बसते.

बाहेर बोरा सुटलाय.
त्रिएस्तेत या वाऱ्याला नाव आहे, मिजास आहे.
चढाच्या गल्ल्यांत पूर्वी दोर बांधत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
नीवेस आता दोर धरूनही निघायची नाही.
तिच्या बुबुळांवरून तो
पॉलिशकागदासारखा फिरतो.

कुपीत तिचंच रक्त आहे.
गरगर फिरवून निवळलेलं,
वरचं पिवळसर पाणी तेवढं घेतलेलं.
तिचंच म्हणजे,
दोन वर्षांपूर्वी ऊदिनेच्या इस्पितळात
मी पाच तास खुर्चीत बसलो होतो,
एका दंडातून जाणारं, दुसऱ्यातून परत येणारं,
मध्ये एक यंत्र, त्यातून टपकलेली एक पिशवी,
टोमॅटोच्या पातळ सारासारखी.
ती 'ओ' होती. आता 'ए' आहे, माझ्यासारखी.
रक्ताचं नातं म्हणतात ते
एवढं शब्दशः करायची गरज नव्हती.

रक्ताचा रोग गेला.
मग वर्षभराने डोळे आटले.
डॉक्टर फुर्लान समजावत होत्या:
दात्याच्या पेशींना तुमचे डोळे परके वाटतात.
मी खाली बघत राहिलो,
शेजाऱ्याकडे पाठवलेल्या आपल्या पोरांनी
काचा फोडल्यावर बघतो तसा.

तीस वर्षं ती बंदरावरच्या गोदामात
कॉफीच्या हिरव्या बिया निवडायची.
काळ्या कागदावर तीनशे ग्रॅमचा ढीग,
उत्तरेच्या खिडकीचा उजेड.
किडकी बाजूला, आंबलेली बाजूला,
एक आंबलेली बी सगळं पोतं नासवते म्हणायची.
माझ्या पेशीही निवडतच असणार
तिच्या आत, दिवसरात्र,
मन लावून,
चांगल्यालाच आंबलेलं समजून.

मी तिला कधी सॉरी म्हटलं नाही.
कशाबद्दल म्हणायचं?
आणि ती म्हणते, तू दिलंस म्हणून आहे,
असं काही म्हणाली की मी उठून
गॅसवर काहीतरी ठेवतो.

लहानपणी मी तिला रडूबाई म्हणायचो.
मांजर हरवलं, रडली.
मांजर सापडलं, रडली.
गेल्या नोव्हेंबरात आईला पुरलं
ओपचिनाच्या दफनभूमीत,
तेव्हा हिचे डोळे लालभडक आणि कोरडे.
मावशी कुजबुजली, पोरगी दगड झाली.
मावशीला काय सांगणार
की डोळ्यांतले निचऱ्याचे बारीक नळसुद्धा
बुचं मारून बंद केलेत,
असेल तो थेंब आत राहावा म्हणून.

सकाळी ती लेन्स चढवते.
साधी नाही, रुपयाएवढ्या घेराची, वाटीसारखी.
ती काठोकाठ खारट पाण्याने भरायची,
मान खाली घालायची, डोळा ताणून धरायचा,
आणि न सांडता वर न्यायची.
सांडतं. पुन्हा भरते.
पुन्हा सांडतं.
मग ती आमच्या आईच्या भाषेत शिवी घालते
आणि तिसऱ्यांदा जमतं.

आज योता करायचा ठरला.
कांदे तिने चिरले, चार, बारीक,
वाटीच्या आडून निवांत.
समोर बसून मी नाक ओढत होतो.
"तूच रड बाबा," ती म्हणाली,
"आता खात्यात तुझंच आहे."
आम्ही हसलो.
हसताना तिला पापण्या मिटायच्या नव्हत्या,
तरी मिटल्या.

राबणाऱ्याबद्दल म्हणतात,
रक्ताचं पाणी केलं.
तिच्याकडे ते मोजून येतं,
डोळ्याला एक थेंब, दिवसातून आठ वेळा,
उघडलेली कुपी रात्री फेकून द्यायची.

जेवण झाल्यावर ती खिडकीशी गेली.
काचेला नाक लावून
बंदरात लागलेल्या जहाजाचं नाव
मोठ्याने वाचलं.
चुकीचं वाचलं.
मी म्हटलं, हो,
तेच.